राजाचं नाव, पेंटरचा हात

इ.स.पू. ८७९ च्या सुमाराला आजच्या उत्तर इराकमध्ये एका राजाने नव्या राजवाड्याची वास्तुशांत केली. जेवायला माणसं किती? ६९,५७४. पंगती चालल्या दहा दिवस. बिअरचे १०,००० रांजण आणि वाइनच्या १०,००० पखाली रिकाम्या झाल्या. हे सगळं आपल्याला माहीत आहे, कारण राजाने स्वतःच ते दगडावर कोरून घेतलं. तो दगड १९५१ मध्ये उत्खननात सापडला. हिशेब अर्थात राजाच्याच बाजूचा. पाहुण्यांपैकी कुणी काही लिहून ठेवलेलं नाही.

राजाचं नाव अशुरनासिरपाल, दुसरा. गाव कल्हू, म्हणजे आजचं निमरुद, मोसुलच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर. राजवाड्याच्या भिंतींना खालून माणसाहून उंच दगडी फरशा उभ्या लावलेल्या होत्या. दगड जिप्समचा, मऊ, कोरायला सोपा. त्यावर उठावात कोरलेले पंखवाले पुरुष: एका हातात पाइनच्या फळासारखं काहीतरी, दुसऱ्या हातात बादली. मध्येमध्ये राजा. राजा, सेवक, पंखवाले, सगळ्यांचे चेहरे एकाच साच्यातले. आणि चित्रांच्या बरोबर मधून, कमरेच्या उंचीवर, कीलाकार लिपीतल्या मजकुराचा आडवा पट्टा. मजकूर जवळपास प्रत्येक फरशीवर तोच: मी अशुरनासिरपाल, थोर राजा, जगाचा राजा, अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू, हे हे देश मी जिंकले, हा वाडा मी बांधला. अभ्यासक याला 'स्टँडर्ड इन्स्क्रिप्शन' म्हणतात. आपण कॉपी-पेस्ट म्हणू.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आपल्या चौकातला फ्लेक्स आला. मध्ये साहेब, बाजूला एकसारख्या गॉगलमधली लहान लहान डोकी, खाली पदव्यांची रांग. गावात शिरताना तोच, बसस्टँडवर तोच, शाळेच्या कुंपणावर तोच. फरक एवढाच, की फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव आणि मोबाइल नंबर तरी असतो. निमरुदच्या भिंतींवर तेवढंही नाही. राजाचं नाव शेकडो वेळा. ज्यांनी ते कोरलं, त्यांचं एकदाही नाही.

मला ही गोष्ट जरा जास्त टोचते, त्याला कारण आहे. माझे वडील पेंटर.

पेंटर म्हणजे आर्टिस्ट नव्हे. आमच्या बार्शीत हे दोन वेगळे शब्द आहेत. आर्टिस्ट प्रदर्शन भरवतो, पेंटर पाट्या रंगवतो. पप्पांनी किराणा दुकानांच्या पाट्या केल्या, दवाखान्यांच्या केल्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर मागे 'आईवडिलांचा आशीर्वाद' लिहिलं, झेडपीच्या शाळांच्या भिंतींवर महाराष्ट्राचा नकाशा आणि हृदयाची आकृती काढली. निवडणूक आली की सगळ्या पक्षांच्या भिंती तेच रंगवायचे. सुट्टीत मी सोबत असायचे. खडूत बुडवलेला दोरा दोघांनी ताणून धरायचा आणि मध्ये टिचकी मारायची, की भिंतीवर सरळ रेघ उमटते. मग पप्पा अक्षराची कड मारायचे आणि पोट मी भरायचे. शाळेत एलिमेंटरीला आणि इंटरमिजिएटला मला ए ग्रेड मिळाली, त्यातला अर्धा वाटा त्या पोटं भरण्याचा.

मी सातवीत असताना गावात फ्लेक्सचं मशीन आलं. चौरस फुटाला काही रुपये, आणि संध्याकाळी सांगितलं तर सकाळी तयार. पाटीला आठवडा लागतो. दोन-तीन वर्षांत गावातल्या पेंटर लोकांनी ब्रश ठेवून दिले. पप्पांचं शिडीचं काम तेवढं राहिलं: ते फ्लेक्सच्या लाकडी फ्रेमा ठोकायचे आणि चौकात वर चढून दुसऱ्यांनी छापलेले चेहरे बांधायचे. मी इंजिनिअरिंगला गेले, आता पुण्यात बॅकएंडचं काम करते. आमच्या धंद्यात 'गिट ब्लेम' नावाची कमांड आहे. कुठल्याही फाइलवर ती चालवा, प्रत्येक ओळीसमोर ती लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख येते. सहा वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या माणसाचंसुद्धा. ती कमांड टाइप करताना मला कधी कधी बार्शीच्या भिंती आठवतात. त्यांवर पांढऱ्या डिस्टेंपरचे दहा हात चढलेत.

असिरियाशी माझी गाठ पडली मुंबईत. एका कामासाठी गेले होते, दुपार मोकळी मिळाली म्हणून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शिरले. तिथे निमरुदची काही उठावशिल्पं आहेत, खरीखुरी. ती मुंबईत का, याचं उत्तर भूगोलात आहे. ऑस्टेन हेन्री लेयार्ड या इंग्रजाने १८४५ मध्ये निमरुदला खणायला सुरुवात केली. फरशा अवजड, म्हणून मागच्या बाजूने करवतीने कापून पातळ केल्या. मग बकऱ्यांच्या कातड्यांच्या फुगवलेल्या पिशव्यांवर लाकडं बांधून केलेल्या तराफ्यांवरून तैग्रिस नदीने त्या खाली बसऱ्याला गेल्या. बसऱ्याहून जहाजाने मुंबई, आणि मुंबईहून आफ्रिकेला वळसा घालून लंडन. १८४८ मध्ये त्यातल्या काही पेट्या मुंबईच्या गोदीत उघडल्या गेल्या, लोकांनी आतल्या वस्तू पाहिल्या, आणि लेयार्ड त्यावर चांगलाच नाराज झाला. काही फरशा मुंबईतच राहिल्या. मोसुलमधल्या अमेरिकन मिशनऱ्यांनीही फरशा मिळवून आपापल्या कॉलेजांना धाडल्या. आज निमरुदचा तो एक वाडा जगभरच्या संग्रहालयांत तुकड्या-तुकड्यांनी पसरलेला आहे.

संग्रहालयातून बाहेर पडून फोर्टात शिरलात, तर माणेकजी सेठ अग्यारीच्या दारात माणसाच्या डोक्याचे पंखवाले बैल बसलेले दिसतात. पारशांनी ते पर्सेपोलिसच्या इराणी राजवाड्यांवरून घेतले, आणि इराण्यांनी असिरियनांकडून. म्हणजे नकलेची नक्कल, आणि तरीही रस्त्यावरून येणारा-जाणारा माणूस त्यांच्याकडे बघून क्षणभर थबकतो. त्या दिवशी मीही थबकले. बघताना एवढंच वाटलं, की हे पप्पांना दाखवायला पाहिजे.

दिवाळीत घरी गेले तेव्हा दाखवलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडेही अशुरनासिरपालच्या फरशा आहेत आणि त्यांचे मोठे, स्वच्छ फोटो वेबसाइटवर फुकट मिळतात. पंखवाल्या पुरुषाचा एक फोटो उघडून फोन पप्पांच्या हातात दिला. मला वाटलं, 'छान आहे' म्हणतील आणि परत देतील. त्यांनी चष्मा लावला, दोन बोटांनी चित्र मोठं केलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

"अक्षरं मागनं मारलीत," ते म्हणाले.

"कशावरून?"

"चित्रावरनं गेलीत की. कपड्याच्या झालरीवरनं, हातावरनं. आधी चित्रवाला येऊन गेला, मग अक्षरवाला आला. अक्षरवाल्याला चित्राचं काय पडलेलं नाही. त्याला ओळ सरळ पाहिजे."

मग पंख. बोटाने सरकवत सरकवत ते पिसांच्या एकेका ओळीवर गेले. "ह्या वरच्या ओळी एकाच्या. ह्या खालच्या पोराच्या."

"पोराच्या?"

"शिकाऊ. हात भ्यालेला दिसतोय. आणि हे बघ, पोटरी. पोटरी उस्तादानं केलीय, ती पोराला दिली नसणार."

असिरियन शिल्पांतल्या पोटऱ्यांच्या ताणलेल्या शिरा प्रसिद्ध आहेत, हे पप्पांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांच्या तर्काला मी पुरावा म्हणणार नाही. पण २,९०० वर्षांच्या अंतरावरून एक पेंटर दुसऱ्या पेंटरला ओळखत होता, आणि त्या सगळ्या वेळात राजाबद्दल त्यांनी एक शब्दही विचारला नाही. फोन परत देताना मात्र एक प्रश्न आला. "रंग कुठंय?"

तो बरोबर प्रश्न होता. आज आपल्याला ही शिल्पं करडी-पिवळसर दिसतात आणि त्या करड्या रंगालाच आपण प्राचीन, गंभीर वगैरे समजतो. खरं तर ती रंगवलेली होती. निमरुदच्या फरशांवर काळ्या, पांढऱ्या, लाल, निळ्या रंगांचे अंश सापडलेत: केस-दाढी काळी, बुबुळं काळी आणि भोवती पांढरं, पायताणांना लाल. फरशांच्या वरच्या भिंतीला गिलावा होता आणि त्यावरही चित्रं होती. म्हणजे शिल्प वेगळं आणि चित्र वेगळं ही फाळणी आपली. तिथे दगड हा रंगाच्या खालचा थर होता. आजचा एखादा चित्रकार असिरियन शिल्प कॅनव्हासवर आणतो तेव्हा तो दगडाचं चित्र करत असतो, पण एका अर्थी मूळचं चित्र दगडावरून परतही आणत असतो.

मग मी शोधायला लागले, की हे आज कोण कोण करतंय, आणि त्या भिंतींमधून नेमकं काय उचलतंय. कारण ही कला उचलायला अवघड आहे. ती देखणी आहे, आणि ती धाक घालायलाही केलेली आहे. पुढच्या राजांच्या वाड्यांत शहरं जळताना कोरलेली आहेत, आणि कापलेल्या मुंडक्यांच्या ढिगाशेजारी उभे राहून मोजदाद लिहिणारे कारकूनही. अशुरबानिपालच्या निनवेतल्या वाड्यात सिंहाच्या शिकारीचे पट होते, आज ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. त्यातली एक सिंहीण पाठीत बाण घुसल्यावर मागचे लुळे पाय फरफटत पुढे सरकते आहे. राजाचा पराक्रम दाखवायला ती कोरली गेली, पण बघणाऱ्याच्या लक्षात राहते सिंहीण. कोरणाऱ्याने हे मुद्दाम केलं का, हे कळायला मार्ग नाही. पण त्या लुळ्या पायांकडे त्याने फार नीट पाहिलं होतं, हे दिसतं.

इराकी चित्रकारांनी नेमकी हीच फट पकडली. जवाद सलीम हा चित्रकार आणि शिल्पकार, जन्म १९१९. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो बगदादच्या पुरातन वस्तूंच्या संग्रहालयात काम करत होता, प्राचीन वस्तू दुरुस्त करत होता. म्हणजे त्याने त्या वस्तू काचेमागून पाहिल्या नाहीत, हातात घेतल्या. १९५१ मध्ये त्याने मित्रांबरोबर 'बगदाद मॉडर्न आर्ट ग्रुप' काढला. भूमिका साधी होती: पॅरिसच्या चित्रकारांकडून शिकायचं, पण पायाखालची माती सोडायची नाही. १९५८ मध्ये १४ जुलैला राजेशाही उलथली आणि नव्या सरकारने सलीमला स्मारक करायला सांगितलं. त्याने बगदादच्या तहरीर चौकात ५० मीटर लांब दगडी पट उभा करायचं ठरवलं आणि त्यावर ब्राँझचे १४ आकृतिसमूह बसवले. घोडा, आई, कैदी, सैनिक, शेतकरी. आकृत्या असिरियन पटासारख्या ओळीने चालतात आणि अरबी वाक्यासारख्या उजवीकडून डावीकडे वाचता येतात.

या स्मारकाची एक हकीकत सांगतात: नवे सत्ताधारी अब्दुल करीम कासिम यांची प्रतिमा त्यात असावी असा आग्रह होता, आणि सलीमने तो मानला नाही. हकीकत कितपत तंतोतंत आहे ते बाजूला ठेवू. स्मारक डोळ्यांसमोर आहे आणि त्यात कासिम नाहीत. असिरियन पटाची सगळी भाषा घेतली, फक्त ज्याच्यासाठी ती भाषा जन्मली तो राजा वगळला. जानेवारी १९६१ मध्ये, स्मारक पूर्ण व्हायच्या आधीच, सलीम हृदयविकाराने गेला. पत्नी लॉर्ना आणि सहकाऱ्यांनी काम तडीला नेलं. कासिम दोन वर्षांनी मारले गेले. त्यानंतर इराकमध्ये किती चेहरे भिंतींवर चढले आणि उतरले. २०१९ मध्ये बगदादची तरुण मुलं भ्रष्टाचाराविरुद्ध रस्त्यावर उतरली, ती जमली ती याच पटाखाली.

दिया अल-अझ्झावी पुढच्या पिढीचा, जन्म १९३९. तो आधी पुरातत्त्व शिकला आणि मग चित्रकला. इराकच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी केली, १९७६ पासून लंडनला असतो. १९८२ मध्ये बैरुतजवळच्या साब्रा आणि शातिला या निर्वासितांच्या वस्त्यांमध्ये हत्याकांड झालं, त्यावर त्याने केलेलं चित्र आज टेटमध्ये आहे. ते सुमारे ३ मीटर उंच आणि ७ मीटरांहून लांब आहे. मी ते पडद्यावरच पाहिलंय, तरी मला त्यात असिरियन युद्धपट उलटा झालेला दिसतो. जुन्या पटांत मेलेले शत्रू म्हणजे घोड्यांच्या पायांखाली जागा भरायला टाकलेली लहान लहान शरीरं. अझ्झावीच्या चित्रात घोडा नाही, रथ नाही, जिंकणारा नाही. पूर्ण भिंत त्या खालच्या माणसांना दिलेली आहे.

मग २०१५ आलं. फेब्रुवारीत आयसिसने मोसुलच्या संग्रहालयात घण चालवल्याचा व्हिडिओ टाकला. निनवेच्या नेर्गल दरवाजावर २,७०० वर्षं उभ्या असलेल्या पंखवाल्या बैलाचं, म्हणजे लमास्सूचं तोंड ड्रिलने फोडलं. एप्रिलमध्ये आणखी एक व्हिडिओ आला: निमरुदच्या वाड्यात स्फोटकं लावली होती. लेयार्डने न नेलेल्या, जागच्या जागी टिकलेल्या फरशांचा चुरा झाला. व्हिडिओ मुद्दाम नीट चित्रित केलेला. हीसुद्धा धाक घालायची एक भिंतच, फक्त यूट्यूबवरची.

पिअर्स सेकुंडा हा ब्रिटिश चित्रकार त्यानंतर इराकमध्ये गेला आणि आयसिसच्या गोळ्यांनी भिंतींना पडलेल्या भोकांचे साचे घेऊन आला. तो रंग ब्रशने लावत नाही, साच्यात ओततो. त्याने असिरियन शिल्पांच्या प्रतिकृती रंगातूनच ओतल्या आणि त्यांत ती खरी भोकं बसवली. जखम कल्पनेतली नाही, उतरवून आणलेली आहे. त्याच वर्षी काही तरुण संशोधकांनी 'प्रोजेक्ट मोसुल' सुरू केलं: पर्यटकांनी, सैनिकांनी पूर्वी काढलेले फोटो गोळा करायचे आणि सॉफ्टवेअरने फुटलेल्या मूर्तींची थ्रीडी मॉडेल्स बनवायची. माझ्यातल्या इंजिनिअरला हे लगेच पटलं. डेटा गेला, तर लोकांकडच्या कॉप्या जमवा आणि रिस्टोअर करा.

मात्र मायकल राकोविट्झचं काम पाहिल्यावर 'रिस्टोअर' या शब्दाबद्दल माझं मत बदललं.

राकोविट्झ अमेरिकन, जन्म १९७३. त्याच्या आईकडची माणसं बगदादचे ज्यू, १९४० च्या दशकात देश सोडलेली. २००३ मध्ये बगदादचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. २००७ पासून तो त्या हरवलेल्या वस्तू पुन्हा करतोय, पण दगडात नाही. अरबी किराणा दुकानांत मिळणाऱ्या खाद्यपदार्थांची वेष्टनं आणि अरबी वर्तमानपत्रं चिकटवून. मालिकेचं नाव 'अदृश्य शत्रू असता कामा नये'. प्राचीन बाबिलोनमधल्या मिरवणुकीच्या रस्त्याच्या नावाचा हा एक अर्थ. २०१८ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गर चौकात त्याने नेर्गल दरवाजावरचा तो फुटलेला लमास्सू मूळ आकारात उभा केला, खजुराच्या पाकाच्या १०,५०० रिकाम्या डब्यांचे पत्रे वापरून. डबेच का? ब्रुकलिनच्या एका दुकानात त्याला असा डबा मिळाला होता, ज्यातला पाक इराकचा होता आणि लेबलवर मात्र लेबनॉन लिहिलेलं होतं. निर्बंधांच्या काळात इराकी माल असाच दुसऱ्या देशाचं नाव लावून फिरायचा. बनवणाऱ्याचं नाव गाळलेली आणखी एक वस्तू.

पुढे त्याने निमरुदचा वाडा हातात घेतला, खोलीमागून खोली. २०१५ मध्ये स्फोटात गेलेल्या फरशा तो मूळ आकारात करतो. पंखांच्या पिसांत नूडल्सची पाकिटं, दाढीत चहाचे खोके. लाल, पिवळा, हिरवा, निळा. दगडावरून उडालेला रंग बाजारातून परत आलेला. आणि ज्या फरशा एकोणिसाव्या शतकात काढून परदेशी नेल्या, त्यांच्या जागा तो रिकाम्या सोडतो. खोलीत उभं राहिलं, की एक भरलेला पट, मग मोकळी जागा, मग पुन्हा पट. पोकळी दोन प्रकारांनी झाली, हे तो बोलून दाखवत नाही, पण दिसतं: काही स्फोटकांनी, काही पेटाऱ्यांनी.

रिस्टोअर केलेली फाइल मूळ फाइलसारखीच असावी, हा आमचा नियम. चेकसम जुळलाच पाहिजे. राकोविट्झची नक्कल जुळू नये अशीच केलेली असते. जवळ गेलं की सुपाच्या पाकिटावरची अक्षरं दिसतात. मूळ वस्तू गेली आहे हे ती विसरू देत नाही. त्याबरोबर हेही सांगते, की ही भिंत कुणीतरी हातांनी, कात्रीने, डिंकाने, तासन्‌तास बसून केली आहे. राजाच्या मजकुराने जे २,९०० वर्षं झाकलं, नेमकं तेच वर येतं.

इथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. असिरियन म्हणजे फक्त म्युझियमची पाटी नव्हे, ती आज जिवंत असलेली माणसं आहेत. अरामी भाषेचं आजचं रूप बोलणारे ख्रिस्ती लोक, इराक, इराण, सीरिया, तुर्कस्तानातले, आणि आता शिकागो, सिडनी, स्वीडनमध्ये विखुरलेले. हन्निबाल अल्खास हा इराणमध्ये वाढलेला असिरियन चित्रकार, १९३० ते २०१०, प्राचीन पटांतल्या आकृत्या स्वतःच्या मोठमोठ्या चित्रांत आणत राहिला, आणि हाफिजच्या कविता त्याने असिरियन भाषेत नेल्या. त्याच्यासाठी ती दाढी, ते पंख म्हणजे घरातले जुने फोटो. म्हणून बार्शीच्या मुलीने निमरुदच्या पंखवाल्यावर हक्काने बोलावं का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला. माझं उत्तर असं: राजा माझा नाही, देव माझा नाही, दुःखही माझं नाही. पण खालच्या ओळीतली पिसं कोरणारा तो भ्यालेला हात मला ओळखीचा आहे. तेवढ्यापुरतं मी बोलू शकते.

यंदा मेमध्ये पंधरा दिवस घरून काम करायला बार्शीला गेले होते. आमच्या मागच्या अंगणात सरपणावर एक जुना फ्लेक्स टाकलेला असतो, दहा फूट बाय सहा फूट. पावसाळ्यात ताडपत्रीऐवजी सगळं गाव तेच वापरतं. एका माजी कुणाच्या तरी वाढदिवसाचा आहे, ऊन खाऊन चेहरा निळसर झालाय. मी पप्पांना म्हटलं, "याच्या मागच्या बाजूला तो पंखवाला काढायचा का?"

"ह्याच्यावर ऑइल पेंट वाळत नाही. चिकट राहतो," ते म्हणाले. म्हणजे नाही म्हणाले नाहीत.

फ्लेक्स धुतला, उलटा करून पडवीच्या भिंतीला ताणून बांधला. बांधायची सवय त्यांना होतीच. मागची पांढरी बाजू पॉलिश पेपरने घासली, अॅक्रिलिकचा एक हात मारला. फोटोची प्रिंट काढून तिच्यावर चौकटी आखल्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या करून फ्लेक्सवर. दोरा आम्ही दोघांनी धरला. कितीतरी वर्षांनी टिचकी मारली. पप्पांचा हात सुरुवातीला थरथरत होता. दुसऱ्या दिवशी खांद्यापर्यंत आले तेव्हा थांबला.

रंगांवर आमचं थोडं वाजलं. सापडलेल्या अंशांप्रमाणे काळा, पांढरा, लाल, निळा एवढंच वापरू असं माझं म्हणणं. त्यांचं म्हणणं, पंखांना पिवळा पाहिजे, नाहीतर उठाव येत नाही. शेवटी पिवळा आला. पोटरी त्यांनी एकट्याने केली, मला शिडीसुद्धा धरू दिली नाही.

कमरेच्या उंचीवरचा मजकुराचा पट्टा आला तेव्हा त्यांनी ब्रश थांबवला. "इथं काय लिहायचं?"

मूळ मजकुराचा अर्थ मी सांगितला. थोर राजा, जगाचा राजा, अमक्याचा मुलगा, तमक्याचा नातू.

त्यांनी ऐकून घेतलं. "त्याचं लिहिलंय की सगळीकडं," म्हणाले आणि पट्ट्याच्या जागेवरून झालर सरळ खाली ओढत नेली, जशी ती अक्षरवाला यायच्या आधी असणार. खालच्या कोपऱ्यात सवयीने दुकानाचं जुनं नाव टाकलं. नंबर टाकला नाही. तो फोन बंद होऊन बारा वर्षं झाली.

चित्र अजून पडवीत आहे. पावसाच्या आधी सरपणावर नवी ताडपत्री आणली. शेजारचे येतात, हा कुठला देव म्हणून विचारतात, पप्पा सांगतात, "देव नाही, काम आहे." पंखांच्या वरच्या दोन ओळी त्यांच्या आहेत, खालची माझी. कुणी सांगायची गरज नाही, बघितलं की कळतं.